बाग किती दिवसांची?

गेल्या डिसेंबरात एका मंगळवारी सकाळी सहाला आबांचा फोन आला. "सर, येऊन जावा." एवढंच बोलून त्यांनी ठेवला. द्राक्षाच्या हंगामात सल्लागाराला सहाला फोन येणं काही नवलाचं नाही. रात्री दव पडलेलं असतं, पानामागं पांढरं काहीतरी दिसलेलं असतं आणि उजाडेपर्यंत कसाबसा दम धरून माणूस फोन लावतो. पण आबांच्या बागेत यंदा घडच नव्हते. मग मला दाखवायचं काय होतं, असा विचार करतच मी तासगावातून निघालो. तासगाव सोडून पूर्वेला लागलं की हिवाळ्यात दोन्ही बाजूंना धुक्यात मांडव दिसतात आणि औषधाचा ओला, गंधकाचा वास काच बंद असली तरी आत येतो. आबांच्या वाटेला वळलो तर बांधावर जेसीबी उभा. चालक चाकाला टेकून चहा पीत होता. मांडव उतरवलेला होता. तारांची वेटोळी एका बाजूला, लोखंडी अँगल रचून ठेवलेले, ठिबकच्या नळ्या गुंडाळून बांधलेल्या. वेली वरून कापून टाकलेल्या आणि दीड एकरात फूट-फूटभर उंचीचे बुंधे ओळीनं उभे. आबा पहिल्या ओळीच्या तोंडाला उकिडवे बसले होते. मला बघून उठले आणि म्हणाले, "तुम्ही बघितल्याबिगर हात लावू नको म्हटलं त्याला."

मी बघितलं. दुसरं काय करायचं ते कळेना म्हणून सवयीनं पहिली ओळ चालत गेलो. चौदा वर्षांपूर्वी डॉगरीजच्या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळांवर, भरलेलं सुपर सोनाका द्राक्षाचं कलम होतं हे. ओळीच्या मध्यावर वाकून एका बुंध्याची साल अंगठ्यानं खरवडली. आत हिरवं होतं, ओलं. मी उठून उभा राहिलो, हात पँटला पुसले. आबा माझ्याकडं बघत होते. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त म्हणाले, "मग?"

मी म्हणालो, "काढा आबा."

त्यांनी जेसीबीवाल्याला हात केला. पुढची दहा मिनिटं मुळं तुटण्याचा आवाज येत राहिला. ओलं कापड फाडल्यावर येतो तसला. आम्ही दोघं बांधावर उभे होतो. चहा आला, प्यायलो, मी निघालो. तेव्हापासून ही सकाळ डोक्यातून जात नाही. कारण आबांनी निर्णय आधीच घेतला होता. तारा विकायची बोली झाली होती, जेसीबी तासाच्या भाड्यानं आला होता. बाग काढायला सल्लागार लागत नाही. मग मला का बोलावलं? मी "थांबा" म्हणावं असं त्यांना वाटत होतं का? आणि मी "काढा" जरा जास्तच लवकर म्हणालो का?

आमच्या धंद्यात तारखेला फारसं महत्त्व नाही, दिवसांना आहे. घडांसाठी घेतात ती फळछाटणी झाली की तो पहिला दिवस. तिथून पुढं सगळं मोजून. दहा-बारा दिवसांत डोळे फुगतात, मग पोंगा म्हणजे कोवळा फुटवा, मग फेलफूट म्हणजे जादा फुटी काढायच्या, मग घड पोपटी दिसायला लागला की जीए या संजीवकाचा पहिला हात, चाळीसच्या आसपास फुलोरा, मग मणी, विरळणी, घड द्रावणात बुडवायचं डिपिंग, आणि पुढं कधीतरी एका सकाळी मण्यात पाणी उतरलेलं दिसतं. रस्त्यात दोन बागायतदार भेटले तर "कसं काय?"च्या आधी "बाग किती दिवसांची?" असं विचारतात. घरातल्या तान्ह्या मुलाचे दिवस मोजतात तसे हे दिवस मोजले जातात, आणि त्या मोजणीत आम्हा सल्लागारांची जागा आहे. आठवड्याचा एक दिवस ठरलेला. आबांचा मंगळवार होता. मंगळवारी मी यायचो, ओळीतून चालायचो, पान उलटून बघायचो, चिठ्ठी लिहायचो. चौदा वर्षं.

या धंद्यात आलो तेव्हा मला वाटायचं की लोक माझ्या ज्ञानाचे पैसे देतात. कृषीची पदवी घेतलेली, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रातल्या चर्चासत्रांना जाऊन वह्या भरलेल्या. मी आधी दोन वर्षं एका कृषी सेवा केंद्रासाठी काम करायचो. दुकानाच्या वतीनं बागेत जायचं, सल्ला फुकट, चिठ्ठीवरची औषधं मात्र दुकानातून न्यायची. तेव्हा मी चिठ्ठी लिहीत असताना बागायतदाराची नजर कुठं असते ते बघायला शिकलो. रोगाचं नाव लिहीपर्यंत तो माझ्या तोंडाकडं बघायचा. औषधाचं नाव सुरू झालं की त्याची नजर कागदावर जायची, आणि तिथून एकदम बागेत लांब कुठंतरी. त्या लांब जाणाऱ्या नजरेनं मला दुकान सोडायला लावलं. स्वतंत्र फिरायला लागलो तेव्हा पहिला नियम केला की चिठ्ठीवर कंपनीचं नाव लिहायचं नाही, घटकाचं लिहायचं. मॅन्कोझेब म्हणजे मॅन्कोझेब, तुम्हाला जिथं स्वस्त मिळेल तिथून आणा. कंपन्यांच्या माणसांनी वेगवेगळ्या वाटांनी समजूत काढून बघितली, एकदा सहलीचं तिकीटही घरी आलं. ते परत केलं. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. ती लांब जाणारी नजर पुन्हा बघायची माझी तयारी नव्हती.

पण नुसत्या ज्ञानासाठी बोलवत असतील हा समजही फार टिकला नाही. वेळापत्रकं आता प्रत्येकाच्या मोबाइलवर आहेत. जीए कोणत्या दिवशी किती पीपीएम, द्रावणाचा सामू किती ठेवायचा, डाऊनी रोगाला काय आणि भुरी रोगाला काय, हे शेजारच्या पोरालाही पाठ असतं. चांगला बागायतदार तर माझ्यापेक्षा जास्त जाणतो, कारण मी त्या बागेत आठवड्यातून तासभर असतो आणि तो तिथंच झोपतो. आबांच्या विरळणीला येणाऱ्या एका मावशींनी मला एकदा सांगितलं होतं, "सर, ह्या चार वळींना गोडी आधी येती. खाली मुरूम हाय." पानाच्या देठाच्या तपासणीचे अहवाल चाळून मला जे दिसलं नव्हतं ते त्यांच्या बोटांना कळलं होतं. मी ते त्यांच्यासमोरच वहीत लिहून घेतलं. पुढच्या वर्षीपासून त्या चार ओळींचं पाणी वेगळं तोडायला लागलो.

मग पैसे कशाचे? मला त्याचा पहिला अंदाज आला तो एका फेरीत, जेव्हा मी काहीच लिहून दिलं नाही. ऊन चांगलं होतं, वारं वाहतं होतं, पानं कोरडी. मी म्हणालो, "या आठवड्यात काही मारू नका." तो बागायतदार नाराज झाला. "मग फी कसली ओ सर?" त्याचं म्हणणं रास्त होतं. माणूस डॉक्टरकडं जातो तर इंजेक्शन तरी हवं. मी चिठ्ठीवर तारीख घातली, खाली "फवारणी नको" लिहिलं आणि सही करून दिली. दोन दिवसांनी आजूबाजूचे ब्लोअर सुरू झाले, शेजारच्या सगळ्या बागांत फवारणी चालली, आणि हा एकटा गप्प बसून राहिला. रात्री फोन आला, "सर, सगळे मारायला लागलेत." मी म्हणालो, "लागू देत." नंतर त्यानं सांगितलं की ती चिठ्ठी तो खिशात घेऊन फिरत होता. कुणी हटकलं की दाखवायचा. न मारण्याची हिंमत त्याच्यात होती, पण एकट्यानं न मारण्याची नव्हती. चारही बाजूंनी मोटारी चालू असताना स्वतःची बंद ठेवणं किती अवघड असतं हे कर्ज काढून बाग उभी केल्याशिवाय समजायचं नाही.

माझा एक आतेभाऊ पुण्यात मोठ्या कंपन्यांचा सल्लागार आहे. दिवाळीत आम्ही गप्पा मारत बसलो की तो सांगतो, निम्म्या वेळा साहेबांना उत्तर माहीत असतं, ते दुसऱ्याच्या तोंडून यायला हवं असतं. मला आधी वाटायचं ही शहरातली गोष्ट. मग मला ते दोन भाऊ भेटले.

एका चुलीवर जेवणारे दोघं, चार एकर बाग. थोरला सावध, धाकट्याला बाजार कळतो. 2019 साली छाटणी कधी घ्यायची यावरून घरात धुसफूस चालली होती. धाकट्याला सप्टेंबरातच हवी होती, आगाप माल निघाला की दर चांगला. थोरला म्हणत होता की परतीचा पाऊस जाऊ दे, ऑक्टोबर उजाडू दे. दोघांनी मला बोलावलं. आईनं जेवायला वाढलं, मग त्या दाराच्या आड उभ्या राहिल्या. मी जमीन बघितली, काडी बघितली, मागच्या वर्षांचा पाऊस आठवला आणि म्हणालो, 12 सप्टेंबर. थोरला ताबडतोब गप्प झाला. धाकटाही जिंकल्यासारखा दिसला नाही. "सरांनी तारीख दिलीया" असं आईनं आत जाऊन सुनांना सांगितलेलं मला ऐकू आलं, आणि घरातला ताण मोकळा झाल्यासारखा वाटला. मला माझं कौतुक वाटलं होतं तेव्हा.

त्या वर्षीचा ऑक्टोबर इथल्या कुणाला आठवण करून द्यायला नको. बाग ऐन फुलोऱ्यात आणि पाऊस थांबेना. दिवसा झड, रात्री झड. ट्रॅक्टर ओळीत घातला तर चाक रुततंय, मारलेलं औषध तासाभरात धुऊन जातंय. मी फोनवर सांगत राहिलो, मिळेल त्या उघडिपीला मारा. चौथ्या दिवशी थोरल्याचा फोन आला, "सर, गळ झालीया." पुढं धाकट्याचा, "कुजबी धरलीया." मी म्हणालो येतो. आणि गेलो नाही. पाऊस आहे, रस्ता खराब आहे, दुसऱ्या बागा आहेत, अशी कारणं मी स्वतःला देत होतो. खरं कारण असं की दाराआड उभ्या असलेल्या त्या आईला तोंड दाखवायची मला भीती वाटत होती. चार दिवस काढले. पाचव्या दिवशी मंगळवार होता म्हणून आबांकडं गेलो. त्यांची बाग मागास, अजून पोंग्याच्या जरा पुढंच होती, फुलोरा लांब होता, त्यामुळं वाचली होती. आबांना सगळं कळलेलं होतं, आमच्याकडं बागेच्या बातम्या वाऱ्यानं जातात. त्यांनी विचारलं, "त्यांच्याकडं जाऊन आलासा?" मी नाही म्हणालो. ते काडी हातात धरूनच म्हणाले, "बाग जिती असताना सगळीच येत्यात ओ. जावा की." त्यांच्या बोलण्यात रागाचा टिपूस नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

मी तसाच गेलो. धाकट्यानं मला घड हातात दिला. देठाला हात लावला की मणी खाली. तो आवाज बारीक असतो, बाजरी सांडल्यासारखा. थोरला ओट्यावर बसला होता. तो गावासमोर, तीन-चार लोक होते तिथं, मोठ्यानं म्हणाला, "तारीख सरांची हुती." मला राग आला. अन्याय वाटला. मागास छाटलेल्यांचंही काही सगळं वाचलं नव्हतं, परतीचा पाऊस काय मी लांबवला होता? तोंडात आलेलं बोलणं मी कसंबसं गिळलं. आणि मग माझं लक्ष धाकट्याकडं गेलं. तो खाली मान घालून बसला होता, आणि भाऊ "तारीख सरांची" म्हणाला तसा त्यानं श्वास सोडला. थोरल्यानं "तुझी" म्हणायचं टाळलं होतं. त्याला "तुझी" म्हणावं लागू नये म्हणूनच मला बोलावलेलं होतं. हे दोघांपैकी कुणी ठरवून केलं होतं असं नाही. घर आपोआप तसं वागलं होतं. मी म्हणालो, "होय दादा, माझीच होती." आईनं चहा आणला. त्या दिवशी मला या कामाच्या फीमधला एक वाटा कशाचा असतो ते कळलं, आणि कळूनही बरं वाटलं असं काही झालं नाही. घरी येईपर्यंत माझे हात थरथरत होते. त्या भावांनी पुढं तीन वर्षांनी वाटण्या केल्याच. पण त्या बागेवरून नाही. आजही दोघं मला वेगवेगळ्या दिवशी बोलावतात.

आणि माणूस तरी एक कुठं असतो? माझ्या वहीत आबांचं नाव आहे, पण माझं गिऱ्हाईक कोण होतं हे मला इतक्या वर्षांत पक्कं सांगता येत नाही. आबा बांधावर उभे राहून ऐकायचे. त्यांचा मुलगा फोनवर फोटो पाठवायचा. आणि हिशोब वहिनींकडं, म्हणजे आबांच्या सुनेकडं. तिच्या वहीत छाटणीपासूनचे सगळे दिवस मांडलेले, समोर औषध, त्यापुढं पैसे, मजुरी, डिझेल. मी चिठ्ठी लिहिली की ती वाचायची आणि एकच प्रश्न विचारायची, "हे न्हाई मारलं तर काय हुईल सर?" मला कुणी विचारलेला सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच. पहिल्या वर्षी मी गडबडायचो. नंतर तिच्या बागेला निघायच्या आधीच मी तो स्वतःला विचारायला लागलो, आणि निम्म्या वेळा एखादं औषध लिहायच्या आधीच गळायचं. पुढं सगळ्याच बागांत तीच सवय लागली.

आबा जुने. वयानं आणि द्राक्षातही. ज्या भागात तास-ए-गणेशसारखं वाण बागायतदारानंच निवडून काढलं त्या भागातली ही माणसं. साठच्या दशकात श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारानं इथल्या शेतकऱ्यांना पान म्हणजे काय, ऊन त्यातून काय करतं हे शिकवलं, आणि शिकलेल्यानं दुसऱ्याला सांगायचं हा शिरस्ता घातला. आबा तेव्हा पोरसवदा होते. त्यांचे वडील कंदील घेऊन दुसऱ्याच्या बागेत पानं मोजायला जायचे. "तवा सल्लागार न्हवता," आबा एकदा म्हणाले, "आम्हीच एकमेकांचे. कोन पैसं घेत न्हवतं." मला ते टोचलं, कारण त्यात खरं होतं. मी विचारलं, "मग आता मला कशाला बोलावता आबा?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता समदी घाईत हायती."

तेवढंच कारण नसावं. मधल्या काळात बाग बदलली. 2010 साली युरोपात गेलेल्या द्राक्षांत सीसीसी या वाढरोधक औषधाचा अंश सापडला आणि कंटेनर अडकले, तेव्हापासून शेजाऱ्याला विचारून चालण्यासारखं राहिलं नाही. वेलीची वाढ आवरायला एप्रिल छाटणीनंतर सगळेच ते मारत होते, वर्षानुवर्षं, कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. अमुक महिन्यात वेलीला दिलेलं काही पुढच्या वर्षी फळात निघेल आणि परक्या देशातल्या प्रयोगशाळेत सापडेल, हे शेजाऱ्याच्या अनुभवात नव्हतं. कर्जंही मोठी झाली. ज्याची बाग गेली तर पोराचं शिक्षण थांबतं, तो शेजाऱ्याच्या बोलण्यावर ती टाकत नाही. शेजाऱ्याला नंतर जाबही विचारता येत नाही. तरी आबा "घाईत" म्हणाले तेव्हा त्यांच्या आवाजात जे होतं ते माझ्यासोबत राहिलं. ज्या जागी आधी दहा माणसं होती त्या जागी मी एकटा आठवड्यातून तासभर उभा राहतो, हे मी विसरत नाही.

मार्च 2020 मध्ये तर तासही नव्हता. माल तयार, गाड्या बंद, ठरलेला व्यापारी फोन उचलत नाही. मला दिवसाला चाळीस-पन्नास फोन यायचे, आणि त्यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं. गोडी भरलेल्या मालाचं करायचं काय, हा काही फवारणीचा प्रश्न नव्हता. ज्यांची शेड होती त्यांना बेदाण्याकडं वळा म्हणालो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवायचे, जाळीवर टाकायचे, हे तर त्यांनाच माझ्यापेक्षा नीट येत होतं. बाकीच्यांना मी फक्त "बघू" म्हणत होतो. आबांचा फोन रोज संध्याकाळी सातला यायचा. विचारायचं काहीच नसायचं. आज किती किलो काढलं, किती टाकलं, घरात सगळे बरे आहेत का, एवढं बोलून ठेवायचे. मीही तेवढंच बोलायचो. एक दिवस सात वाजून गेले आणि फोन आला नाही, तर मी बेचैन होऊन स्वतः लावला.

आता मला गेल्या वर्षाकडं यायला हवं, आणि तिथं माझं मन स्वच्छ नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या मध्ये पुढच्या हंगामाचा घड काडीच्या डोळ्यात तयार होत असतो. बाहेरून काही दिसत नाही, पण आत ठरत असतं की इथं घड येणार की नुसती बाळी, म्हणजे वळलेला ताणा. त्याला ऊन लागतं. मे 2025 मध्ये नेमकं तेव्हाच ऊन नाहीसं झालं. मेच्या मध्यापासून पाऊस लागला आणि त्याच्या पाठोपाठ मान्सूनही नेहमीपेक्षा बराच लवकर आला. आबांच्या बागेतल्या काड्या सप्टेंबरात मी सूक्ष्मघड तपासणीला पाठवल्या. अहवाल वाईट होता. बऱ्याच डोळ्यांत काही नव्हतं. तो कागद मी आबांना आणि वहिनींना दाखवला, लपवलं काही नाही. पण शेवटी मी म्हणालो, "छाटून बघू. वरच्या डोळ्यांवर थोडे निघतील." वहिनींनी वही उघडली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "न्हाई छाटली तर काय हुईल सर?" आणि मी पहिल्यांदाच तिला सरळ उत्तर दिलं नाही. वेल खराब होईल, पुढचं वर्ष जाईल, असं काहीतरी म्हणालो. ते खोटं नव्हतं, पण तिनं जे विचारलं होतं त्याचं ते उत्तरही नव्हतं. तिला विचारायचं होतं की हा खर्च वाचवू का. छाटणी, डोळे फुटायची पेस्ट, मजूर, पहिल्या महिन्याच्या फवारण्या, हे सगळं झालं. बाग फुटली, हिरवीगार फुटली. ओळीच्या ओळी चालत गेलो तर बोटावर मोजण्याइतके घड.

मी तसं का म्हणालो? आशा होती, हे खरं. चौदा वर्षांची बाग एका कागदावर सोडून द्यायला जीव होईना. पण माझ्या वहीतला मंगळवार रिकामा पडेल, हे कुठंतरी त्यात नव्हतं असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. फीचा प्रश्न नव्हता, यंदा तशाही बऱ्याच जणांच्या राहिल्यात. मला तिथं जायचं होतं. त्या ओळींमधून चालायचं होतं. कमिशनपासून मी इतकी वर्षं जपून राहिलो. सल्ल्यात असाही स्वार्थ शिरतो, तो मला तेव्हा दिसला नाही.

म्हणून डिसेंबरात आबा "मग?" म्हणाले तेव्हा मी पटकन "काढा" म्हणालो. हिरवी साल अंगठ्याला लागलेली असताना म्हणालो. सप्टेंबरात जे बोलायला हवं होतं ते तीन महिन्यांनी बोललो, आणि तेव्हा घाई केली. आबांना ते कळलं का? तो माणूस असा आहे की कळलं असेल तरी सांगणार नाही. कदाचित त्यांना मी काहीच बोलायला नको होतं. नुसतं ओळीतून चालून यावं, एवढंच असेल. चौदा वर्षं दर मंगळवारी जे केलं ते शेवटचं एकदा.

निघताना वहिनींनी पाकीट दिलं. पुऱ्या हंगामाची फी होती. मी घेईना. अर्ध्या हंगामाचीसुद्धा नको म्हणालो, बागच नाही. तिनं पाकीट माझ्या वहीत घातलं आणि वही मिटली. "असू द्या सर. कुनाचं देनं ठेवायचं न्हाई यंदा." तिचं बरोबर होतं. औषधवाल्याचं, मजुरांचं, सोसायटीचं, सगळं तारा आणि अँगल विकून ती मिटवत होती, त्यात माझंही. पण गाडीत बसल्यावर मला वाटलं की थोडी बाकी ठेवली असती तर बरं झालं असतं. ज्याचं काही देणं-घेणं राहिलंय त्याच्याकडं जायला निमित्त असतं. पूर्ण भरलेल्या पाकिटानं निमित्तही संपवलं. ते पाकीट अजून तसंच त्या पानात आहे. मागच्या पानावर आबांच्या बागेचे दिवस मांडलेले आहेत, छाटणीपासून एकोणसाठपर्यंत. पुढं रेघा मारलेल्या, रिकाम्या.

जानेवारीत मी मंगळवारी त्या वाटेनं दोनदा गेलो, दुसऱ्यांच्या बागांना. नांगरट झाली होती. माती वर आलेली, काळी, मधूनमधून मुरमाचे पट्टे. त्या चार ओळी कुठं होत्या ते लांबूनही ओळखू येत होतं. दोन्ही वेळेला गाडी थांबवली नाही.

फेब्रुवारीत, उन्हं जरा तापायला लागली होती, तेव्हा फोन वाजला. सकाळचे सहा.

"सर, योजनेचं पानी सुटलंय. ऊस लावायचा म्हनतोय. सुरू हंगामाचा. 265 जात लावू का 86032? पोरगं एक म्हनतंय, भाचा एक म्हनतोय."

"आबा, उसातलं मला काही कळत नाही."

पलीकडं मोटारीचा आवाज येत होता, सरीत पाणी पडल्याचा. ते थोडं थांबले.

"मला तरी कुठं कळतंय," ते म्हणाले. "मंगळवार मोकळा असंल की तुमचा. येऊन जावा."